फ्रेमेनांना पाणी हवं होतं

बखरी वाचलेल्या मराठी माणसाला ‘पातशहा’ हा शब्द नवा नाही. दिल्लीचा पातशहा, विजापूरचा पातशहा, पातशाही बुडाली, पातशाही उभी राहिली. शाळेतल्या इतिहासापासून तो आपल्या कानावर आहे. कॉलेजात असताना रद्दीच्या दुकानातून उचललेल्या एका इंग्रजी कादंबरीत हाच शब्द भेटला, तेव्हा मी पुस्तक उलटून लेखकाचं नाव पुन्हा वाचलं. फ्रँक हर्बर्ट, अमेरिकन. कादंबरी ‘ड्यून’, १९६५ सालची. कथा हजारो वर्षांनंतरची, माणूस ताऱ्याताऱ्यांवर पसरल्यानंतरची. आणि त्या अफाट साम्राज्याच्या सम्राटाची पदवी काय, तर ‘पादिशाह’.

पुढं अशा शब्दांची रांगच लागली. महदी, जिहाद, शरीयत, हज, रमज़ान. वाळवंटातल्या ‘फ्रेमेन’ लोकांत गेल्यावर नायकाला दोन नावं मिळतात. एक ‘उसूल’, दुसरं ‘मुअद्दिब’. पहिलं तर आपण रोज बोलतो. दुसऱ्याचा अरबी अर्थ अदब शिकवणारा, शिक्षक. कादंबरीत मात्र ते वाळवंटातल्या एका उंदराचं नाव आहे. नायकासाठी जीव द्यायला तयार असलेल्या तुकडीला ‘फेदायकिन’ म्हणतात, म्हणजे फिदायीन. ज्या तारणहाराची वाट पाहिली जाते तो ‘लिसान अल-ग़ैब’. शिराज़च्या हाफ़िज़ला लोकांनी हीच पदवी दिली होती, हे ज्यांना माहीत आहे त्यांना गंमत वाटेल.

या शब्दांमुळं ‘ड्यून’वर आपल्याकडच्या मुसलमान तरुणांत जी चर्चा होते ती बहुधा दोन टोकांची असते. एकाच्या मते गोऱ्या लेखकानं इस्लाममधून उचलेगिरी केली. दुसऱ्याच्या मते निदान त्यानं आपल्याला भविष्यकाळात जागा तरी दिली. बाकीच्या विज्ञानकथांत आपण नसतोच. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण ही कादंबरी मी तीन वेळा वाचली ती वेगळ्या कारणानं. ही सत्तेच्या गटातटांची गोष्ट आहे. कोण कोणाशी लढतंय, हे त्यात पहिल्या शंभर पानांत कळतं. कोण कशासाठी लढतंय, हे कळायला अख्खी कादंबरी आणि तिचा पुढचा भाग वाचावा लागतो. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांना आधीच सांगतो, पुढं सगळी कथा उघड होणार आहे.

प्रत्येकाचं खातं

लढाईचं मूळ एका मसाल्यात आहे. तो फक्त अर्राकिस नावाच्या कोरड्याठाक ग्रहावर सापडतो. तो खाल्ल्यानं आयुष्य वाढतं, आणि त्याच्याच नशेत गिल्डच्या खलाशांना ताऱ्यांमधली सुरक्षित वाट दिसते. म्हणजे मसाला नाही तर प्रवास नाही, प्रवास नाही तर साम्राज्य नाही. १९६० साली बगदादमध्ये तेल विकणाऱ्या देशांची ओपेक संघटना उभी राहिली. त्यानंतर पाच वर्षांनी आलेल्या या पुस्तकात मसाल्याच्या जागी तेल वाचायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आता गट बघू.

पहिला पादिशाह शद्दाम चौथा. त्याचा हेतू भीती. आट्रेडीस घराण्याचा ड्यूक लेटो हा सरदारांत लोकप्रिय होत चाललाय आणि त्याचे सैनिक सम्राटाच्या ‘सार्दौकार’ फौजेच्या तोडीला येऊ लागलेत. उघड मारलं तर बाकीची घराणी एक होतील. म्हणून तो लेटोला अर्राकिसची जहागीर बहाल करतो, वरून मेहेरबानी, आतून सापळा. मग आपलेच सैनिक दुसऱ्याच्या वर्दीत पाठवून त्याला संपवतो. आपल्या बखरी वाचलेल्याला हेही नवं वाटायला नको. डोईजड सरदाराला लांबच्या, कठीण सुभ्यावर धाडणं ही जुनी रीत आहे.

दुसरा गट हारकोनेन घराण्याचा. ऐंशी वर्षं अर्राकिस यांच्या ताब्यात होता. त्यांना मसाल्याचा पैसा हवाय आणि आट्रेडीसांशी असलेल्या पिढीजात वैराचा निकाल. त्यांच्या बॅरनची एक योजना मला पूर्ण कादंबरीत सर्वांत भयंकर वाटते. तो आपल्या एका पुतण्याला, रब्बानला, अर्राकिसवर बसवतो आणि सांगतो, पिळून काढ. लोक हवालदिल होतील तेव्हा दुसऱ्या पुतण्याला पाठवायचं, म्हणजे लोक त्याला मुक्तिदाता समजून डोक्यावर घेतील. छळणारा आणि सोडवणारा दोघं एकाच घरातले.

तिसरा गट गिल्डचा. वाहतूक यांच्या हातात आहे. त्यांना कोणी जिंकलं, कोणी हरलं याच्याशी देणंघेणं नाही. माल हलत राहिला पाहिजे. फ्रेमेनही त्यांना मसाल्याची गुपचूप लाच देतात, आकाशातून आमच्या वाळवंटावर नजर ठेवू नका म्हणून.

चौथा गट बायकांचा, बेने जेसेरिट. त्या कित्येक पिढ्या घराण्यांतली लग्नं जुळवून हवा तसा पुरुष जन्माला घालण्याच्या मागं आहेत. त्यांचं आणखी एक खातं आहे. मागास ग्रहांवर जाऊन तिथं दंतकथा पेरायच्या. कधीतरी बाहेरून एक आई येईल, तिच्यासोबत मुलगा असेल, तो तुम्हाला सोडवेल. पुढं कधी आपल्यापैकी कुणी तिथं अडकली तर ही गोष्ट तिच्या कामी येईल. श्रद्धेची ही विमा पॉलिसी समजा. हप्ता फ्रेमेन भरणार, रक्कम दुसरंच कुणी उचलणार.

पाचवा गट आट्रेडीसांचा. वाचक यांच्या बाजूनं असतो. लेटो भला माणूस आहे. मसाल्याचं यंत्र बुडत असताना तो माल सोडून मजूर वाचवतो. पण त्याच्या मनातही हिशेब आहेच. समुद्राच्या ग्रहावरून आलेला हा ड्यूक वाळवंटाकडं पाहतो आणि त्याला तिथं सैनिक दिसतात. फ्रेमेन आपल्याकडं वळवले तर सम्राटाच्या फौजेला तोंड देता येईल. तो त्यांना आदरानं वागवतो, हे खरं. तो त्यांना भरतीच्या नजरेनं पाहतो, हेही खरं.

मग फ्रेमेन?

आता कुणालाही विचारा, फ्रेमेन कशासाठी लढतात? उत्तर येतं, धर्मासाठी. त्यांच्या महदीसाठी. सम्राटाला भीती आहे, बॅरनला पैसा हवाय, गिल्डला मक्तेदारी, ड्यूकला सुरक्षितता. फ्रेमेनांच्या नावापुढं मात्र सगळे एकच शब्द लिहितात.

पुस्तकात तसं नाही. नायक तिथं येण्याच्या फार आधीपासून फ्रेमेनांचा स्वतःचा एक कार्यक्रम चालू आहे. साम्राज्याचा एक शास्त्रज्ञ, पार्डोट काइन्स, तिथं येतो आणि त्यांना पटवून देतो की हा ग्रह हिरवा होऊ शकतो. दव पकडायचं, थेंब थेंब जमिनीखालच्या टाक्यांत साठवायचं, वाळू धरून ठेवणारं गवत लावायचं, मग झुडपं, मग झाडं. किती वर्षं लागतील? तीनशे ते पाचशे. म्हणजे हे ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ते झाड दिसणार नाही. तरी ते राज़ी होतात. ज्या लोकांत मेलेल्या माणसाच्या शरीरातलं पाणीसुद्धा जमातीच्या मालकीचं मानतात, ते तहान सोसून टाक्या भरत राहतात आणि तिला हात लावत नाहीत. मला तर या पुस्तकातली खरी इबादत इथं दिसते.

या कल्पनेची मुळंही खरी आहेत. १९५७ साली हर्बर्ट अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात फ्लॉरेन्स गावाजवळ गेला होता. सरकतं वाळूचं रान रस्ते आणि घरं गिळत होतं आणि सरकारी शास्त्रज्ञ गवत लावून ते थोपवत होते. त्यावर एक लेख लिहायला तो गेला आणि त्यातून ही कादंबरी सुचली. म्हणजे पुस्तकाच्या जन्मातही जिहादच्या आधी गवत आहे.

तर फ्रेमेनांना पाणी हवं होतं. शिवाय हारकोनेनांनी ऐंशी वर्षं जनावरासारखी शिकार केलेली होती, त्यातून सुटका हवी होती. या दोन्ही मागण्या कुणालाही कळतील अशा आहेत. साम्राज्याच्या दरबारात मात्र त्या कुणी विचारल्याच नाहीत. फ्रेमेन किती आहेत हेसुद्धा तिथं ठाऊक नव्हतं. मूठभर रानटी लोक असतील, असा अंदाज होता.

मग लेटोचा मुलगा पॉल आईसोबत जीव वाचवत वाळवंटात पळून येतो. आई आणि मुलगा, बाहेरून आलेले. पेरलेली गोष्ट उगवते. पॉल त्यांची भाषा शिकतो, त्यांच्यातली बायको करतो, त्यांच्यासारखा लढतो. तो लबाड नाही, म्हणून तर कादंबरी अवघड होते. पण त्याचा हेतू त्याच्यासोबत आलेला असतो: बापाच्या खुनाचा बदला आणि घराण्याची गादी. दोन वर्षांत तो फ्रेमेनांना घेऊन सम्राटाला हरवतो. मसालाच नष्ट करीन अशी धमकी देऊन गिल्डला गुडघ्यावर आणतो. सम्राटाच्या मुलीशी लग्न ठरवून तख़्तावर बसतो.

लढले फ्रेमेन. घराणं बसलं आट्रेडीसांचं.

मरताना काइन्सच्या मुलाला, लिएटला, वाळूत पडल्यापडल्या मेलेल्या बापाचा आवाज ऐकू येतो, त्यात हर्बर्टनं आपलं म्हणणं सांगून टाकलंय: एखाद्या लोकसमूहावर कोसळू शकणारं सर्वांत मोठं संकट म्हणजे तो एका नायकाच्या हाती सापडणं. हर्बर्ट हे मुसलमानांसाठी लिहीत नव्हता. मुलाखतींत तो अध्यक्ष केनेडींचं उदाहरण द्यायचा. त्यांचा करिश्मा इतका की लोकांनी त्यांना प्रश्न विचारणंच सोडलं, असं त्याला वाटायचं.

“मामू, यात आपण कोण?”

मार्च २०२४मध्ये दुसरा चित्रपट लागला. रमज़ान दहाबारा दिवसांवर होता, म्हणून माझा बारावीतला भाचा मागं लागला, आत्ताच जाऊ. पुण्यातल्या मल्टिप्लेक्सला आम्ही गेलो. पडद्यावर बायका डोकं झाकून, पुरुष वाळूत ओळीनं वाकून. ‘लिसान अल-ग़ैब’ची आरोळी झाली की मागच्या रांगेतली पोरं हसून तीच आरोळी परत मारत. शेवटी नायक स्वर्गाचं नाव घेऊन आपल्या लोकांना ताऱ्यांवरच्या युद्धावर धाडतो, तेव्हा भाच्यानं टाळ्या वाजवल्या. पार्किंगमध्ये त्यानं विचारलं, “मामू, यात आपण कोण? फ्रेमेन ना?”

त्याला काय सांगावं हे पटकन सुचेना. कारण दिग्दर्शक डेनी विलनव्हनं एक गोष्ट जाणूनबुजून केलेली आहे. पुस्तकात पानोपानी असलेला ‘जिहाद’ हा शब्द चित्रपटांतून गायब आहे. त्याऐवजी पवित्र युद्ध. पहिल्या चित्रपटाच्या जाहिरातीत तर चक्क ‘क्रूसेड’. हेतू चांगला असावा, उगाच वाद नको. पण वेश तोच, वाकून केलेली प्रार्थना तीच, जॉर्डनच्या वादी रममधली आणि अबू धाबीची वाळू तीच, आणि महदीही तोच. पहिल्या भागाच्या वेळी अनेक अरब समीक्षकांनी विचारलं होतं की मग मुख्य भूमिकांत अरब नट का नाहीत. शब्द काढला म्हणून प्रेक्षकाच्या मनातला अर्थ निघत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर एक सहकारी हसत म्हणाले, “काल तुमच्याकडचा पिक्चर पाहिला.” त्यांचा वाईट हेतू नव्हता. पण पाच गट, पाच हेतू असलेल्या कथेत त्यांना माझ्याकडचं तेवढं एकच दिसलं होतं.

चित्रपटाचं एक श्रेय मात्र द्यायला हवं. त्यात फ्रेमेन एकगठ्ठा नाहीत. उत्तरेकडचे शंका घेणारे, दक्षिणेकडचे कडवे श्रद्धावान. नायकाची प्रेयसी चानी शेवटपर्यंत म्हणत राहते की ही भाकितं आपल्याला बांधून ठेवण्यासाठी बाहेरच्यांनी रचलीत. पुस्तकातली चानी असं भांडत नाही. चित्रपटाच्या शेवटी सगळे गुडघे टेकतात तेव्हा ती एकटी उभी राहते आणि वाळवंटात निघून जाते. भाच्यानं टाळ्या वाजवल्या त्या वेळी पडद्यावर हेही चाललं होतं.

इमाम शमिल, इब्न खल्दून आणि रोहिणखेड

फ्रेमेन हर्बर्टनं हवेतून आणले नाहीत. लेस्ली ब्लँचचं कॉकेशसवरचं पुस्तक १९६०ला आलं होतं. त्यात दागिस्तान आणि चेचन्यातल्या डोंगरी मुसलमानांनी इमाम शमिलच्या नेतृत्वाखाली रशियन साम्राज्याला कित्येक वर्षं दिलेल्या झुंजीची हकीकत आहे. १८५९ साली शमिलनं शरणागती पत्करली. त्या पुस्तकातले शब्द, म्हणी, ‘चाकोब्सा’ हे भाषेचं नाव हर्बर्टनं सरळ उचललं. त्याच्यासमोर अरबांना तुर्कांविरुद्ध उठवणारा इंग्रज लॉरेन्सही होता. तिथंही लढणाऱ्यांना एक सांगितलं गेलं आणि युद्धानंतर नकाशा दुसऱ्यांनी आखला.

आणखी एक सावली आहे, ती फारशी कुणी दाखवत नाही. फ्रेमेनांच्या पोथीचं नाव कादंबरीत ‘किताब अल-इबर’ आहे. चौदाव्या शतकात ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूननं लिहिलेल्या इतिहासाचं हेच नाव. त्याची प्रस्तावना म्हणजे प्रसिद्ध ‘मुक़द्दिमा’. त्याचं सूत्र थोडक्यात असं. वाळवंटातल्या कष्टात माणसांत घट्ट एकोपा तयार होतो, त्याला तो असबिय्या म्हणतो. त्या बळावर ते सुस्तावलेल्या शहरांवर राज्य मिळवतात. मग ऐषआराम येतो, एकोपा विरतो, आणि तीनचार पिढ्यांत घराणं संपतं. हर्बर्टनं पुढच्या भागांत फ्रेमेनांचं नेमकं हेच केलं. ग्रह हिरवा होतो, वाळवंट आटतं, आणि १९८१ सालच्या चौथ्या कादंबरीत फ्रेमेन उरतात ते संग्रहालयातल्या नमुन्यासारखे, अर्थ विसरून रीती पाळणारे.

आणि महदी? हा शब्द आपल्या मातीला अनोळखी नाही. जौनपूरच्या सय्यद मुहम्मद यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस महदी असल्याचं जाहीर केलं. त्यांचे अनुयायी, महदवी, दख्खनेत आले. १५८९मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत त्यांच्यातला जमालखान सर्वेसर्वा झाला. अल्पवयीन इस्माईल निजामशहाला गादीवर बसवून त्यानं महदवी मत दरबाराचं मत केलं. हिजरी सनाचं हजारावं वर्ष जवळ आलेलं होतं आणि लोकांत कुणीतरी येणार अशी हवा होती.

इतिहासात याची नोंद धार्मिक उठाव म्हणून सहज करता येईल. आता हेतू बघू. दरबारात आधीपासून दोन तट होते: इथले दख्खनी आणि हबशी एकीकडं, इराण-तुराणातून आलेले आफ़ाकी दुसरीकडं. भांडण मनसबी, जमिनी आणि दरबारातल्या जागांचं. जमालखान सत्तेवर आला तो दख्खनी तटाच्या जोरावर, आणि शहरात आफ़ाकींची कत्तल झाली. त्याच्याविरुद्ध उभा राहिला तो इस्माईलचा बाप बुऱ्हाण, त्याला गादी हवी होती. बुऱ्हाणला पाठबळ अकबराचं आणि खानदेशच्या राजा अलीखानाचं. १५९१ साली आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडला लढाई झाली, जमालखान मारला गेला, मुलाच्या जागी बाप बसला. चार वर्षांनी अकबराची फौज स्वतःच अहमदनगरच्या किल्ल्याला येऊन भिडली आणि चांदबीबीला तटावर उभं राहावं लागलं. सगळे मुसलमानच, पण त्यांच्यापैकी दोन गटांचा हेतू एक होता असं म्हणता येत नाही.

जमालखानाची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. माणसाच्या मनात श्रद्धा आणि मनसब शेजारी शेजारी राहू शकतात. पण रोहिणखेडच्या मैदानावर जे साधे शिपाई पडले ते कशासाठी आले होते? कुणी महदीसाठी, कुणी थकलेल्या पगारासाठी, कुणी आपला सरदार निघाला म्हणून. त्यांची नोंद कुणी ठेवलेली नाही.

समुद्र

हर्बर्टनं अशा एका शिपायाची नोंद ठेवली. १९६९ सालच्या ‘ड्यून मसीहा’ या दुसऱ्या कादंबरीत. पॉलला गादीवर येऊन बारा वर्षं झालीत. त्याच्या नावानं फ्रेमेन फौजांनी ग्रहामागून ग्रह जाळलेत. पॉल स्वतःच हिशेब मांडतो: एकसष्ट अब्ज माणसं मेली, नव्वद ग्रह उजाड झाले, चाळीस धर्मांचे अनुयायी संपले. हे तो थंडपणे सांगतो आणि पुन्हा आपण हे थांबवू शकत नाही असंही म्हणतो.

त्याच कादंबरीत फारोक नावाचा एक म्हातारा फ्रेमेन आहे. युद्धात मोठा अधिकारी होता, आता आपल्या वाड्यात बसलाय. आपण जिहादला का गेलो ते तो एका परक्याला सांगतो. महदी नाही, स्वर्ग नाही, लूटसुद्धा नाही. त्यानं ऐकलं होतं की कुठंतरी समुद्र नावाची गोष्ट असते, पाणीच पाणी. ज्यानं जन्मभर थेंब मोजले त्याला हे खरं वाटेना. ते बघायला तो युद्धावर गेला. एका ग्रहावर लढाईनंतर तो किनाऱ्यावर पोचला, पाण्यात उतरला आणि बाहेर आला तो जिहादच्या ज्वरातून बरा होऊनच. त्याचा मुलगाही लढायला गेला होता. तो डोळे गमावून परत आला. आंधळ्या माणसाला वाळवंटात सोडून द्यायचं, ही फ्रेमेनांची रीत.

मला विचाराल तर त्या सहाही कादंबऱ्यांतलं सर्वांत खरं पान हे आहे. एकसष्ट अब्जांच्या हिशेबात फारोकचं नाव ‘धर्मवेडा’ या एकाच रकान्यात जाईल. त्यानं मारलंही असेल, पुष्कळ मारलं असेल. त्यातून त्याला मोकळं करायचं कारण नाही. पण तो गेला होता पाणी बघायला. आणि ज्यांनी त्याला नेलं त्यांना त्याच्या पाण्याशी काही घेणं नव्हतं.

गट पाहताना मी म्हणूनच दोन खाती वेगळी ठेवतो. एक झेंड्याचं, दुसरं त्याखाली चालणाऱ्याचं. वर्तमानपत्रं आमच्याबद्दल लिहितात तेव्हा बहुधा पहिलंच खातं उघडतात. दुसऱ्यांच्या दंगलीत जमीन असते, ऊस असतो, पतसंस्थेची निवडणूक असते. आमच्या दंगलीत फक्त मज़हब असतो. ही तक्रार जुनी आहे आणि मी ती सोडणार नाही. पण आम्ही स्वतःही तेच करतो, हे म्हणायची हिंमत हवी. कुणी माइकवर आमच्या भाषेतले चार शब्द नीट उच्चारले, क़ौमच्या नावानं गळा दाटून आणला, की आम्ही आपलं खातं मिटून त्याच्या हातात देतो. कुणीतरी येईल, तो सगळं सोडवेल, ही आशा दुबळ्या माणसाला फार गोड लागते. ती कुणी पेरली, हे विचारायला भूक लागलेली असताना सुचत नाही.

आमच्या मोहल्ल्यात एक खाला आहेत, सत्तरीच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार येतात, आपलेही येतात, परकेही. आपला असेल तो सलाम करून क़ौमच्या इज़्ज़तीचं बोलतो. परका असेल तो भाईचाऱ्याचं बोलतो. खाला दोघांनाही दारात उभं करून एकच विचारतात, “बेटा, नळाला पाणी किती वाजता सोडणार, आणि किती वेळ?” गेल्या खेपेला एकानं हसून सांगितलं, खाला, आता मोठ्या लढाईची वेळ आहे, ते नंतर बघू. खालांनी त्याला चहा पाजला, दुआ दिली आणि तो गेल्यावर अंगणातल्या ड्रमाचं झाकण नीट लावत म्हणाल्या, “याच्या घरी बोअर असेल.”

भाच्याला मी पहिल्या पुस्तकाची माझी जुनी प्रत दिलीय. मागं परिशिष्टात काइन्सच्या टाक्यांची, गवताची, झाडांची सविस्तर हकीकत आहे. बहुतेक वाचक ती पानं सोडून देतात. त्याला म्हटलं, आधी तीच वाच, लढाया नंतर.